एलियाहू हन्नबीच्या खुर्चीत तुळशीरामशेट

इस्रायल आळी, पनवेल,
जि. कुलाबा.
रविवार, ९ मार्च १९५८

प्रिय मिल्काबाय हिस,

धाकटा भाऊ सामाजी याचे शालोम. भावजींना शालोम, भाचा सॉलोमन याला आशीर्वाद. तुझा गुडघा तिकडे इस्रायलात बेरशेबाच्या कोरड्या हवेत सुधारला हे वाचून जीव भांड्यात पडला. भावजींचा खोकला मात्र पनवेलहून तुमच्याबरोबर तिथवर आला आणि अजून टिकून आहे, याचं नवल वाटलं. (आपल्या आळीत त्या खोकल्यावरून लोक पहाटेची वेळ ओळखत. तुम्ही गेल्यापासून समोरचा दूधवाला रोज उशिरा उठतो.) मी इकडे खुशाल आहे. हे पत्राची रीत म्हणून लिहीत नाही. मी खरोखरच खुशाल आहे आणि त्याचीच थोडी पंचाईत झाली आहे.

तू विचारलं आहेस की पेसाहच्या सणाआधी मी कोणत्या तारखेला निघतो ते एका ओळीत कळव. दुसरं काही लिहू नकोस, तुझी पाल्हाळाची सवय मला ठाऊक आहे, असंही लिहिलं आहेस. बाय, ती एक ओळ मी लिहिणारच आहे. माझे कागद आले आहेत, बोटीची सोय बघणाऱ्या मुंबईच्या माणसाने दोनदा निरोप पाठवला, सगळं रीतसर आहे. माझी हत्यारांची ट्रंक सॉलोमनबरोबर सुखरूप पोचली, तू ती माझ्यासाठी मांडलेल्या खाटेखाली ठेवलीस, खाटेवर आईची गोधडी घातलीस आणि शेजारणीला बजावलंस की या खाटेवर कोणी टेकायचं नाही, ती माझ्या भावाची आहे, हे सगळं वाचलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ती ओळ येईलच. फक्त तिच्याआधी इथे काय काय झालं ते तुला कळायला हवं, नाहीतर ती ओळ तुला नीट समजायची नाही.

वडाळे तळ्याच्या अंगाला तो बालकाश्रम आहे ना, कौलारू, पुढे चिंच असलेला, तिथून हे सुरू झालं. तुम्ही गेलात त्यानंतरच्या आठवड्यात तिथल्या गुणाबाई माझ्याकडे आल्या. (गुणाबाई म्हणजे आश्रमाची व्यवस्था बघणाऱ्या बाई. मूळच्या गव्हाणच्या, आवाज असा की गव्हाणहून हाक मारली तरी पनवेलात ऐकू यावी.) कचेरीने जुन्या मोडक्या खुर्च्या आश्रमाला देणगी म्हणून दिल्या होत्या. सगळ्या वेताच्या, आणि एकीलाही बैठक नाही. म्हणजे खुर्चीची चौकट होती आणि मधे हवा. मुलं त्यांतून डोकी घालून राजाराणी खेळत. तुमी आगगाडीच्या कारखान्यात जल्मभर वेत इणलाय, दोन खुर्च्या नीट करून द्या, असं गुणाबाई म्हणाल्या. मी म्हटलं, माझी हत्यारं समुद्रावर आहेत आणि थोड्या दिवसांत मीही असेन. त्या म्हणाल्या, थोडे दिवस हाय ना मंग. त्या बाईंपुढे माझं काही चालत नाही, हे तुला पुढेही दिसेल. लहानपणापासून मला तुझी सवय आहे, त्यामुळे असं कोणी बोललं की मी आपोआप उठून उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी मी वेताचा भारा काखेत मारून आश्रमात गेलो, तर अंगणात चिटपाखरू नाही. एरवी तिथे एवढा कल्ला असतो की तळ्यातली बदकंही पलीकडच्या काठाला राहतात. मी ओट्यावर बसलो, भारा सोडला, पाणी मागितलं, कोणी येईना. गुणाबाई बाजारातून आल्या, त्यांनी माझ्यापुढच्या भाऱ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. बाय, माझ्या अजिबात ध्यानात आलं नव्हतं. मला वेत म्हणजे खुर्ची, पाळणा, टोपली. जन्मभर मी वेताने बसायच्या जागा केल्या. या मुलांना वेत एकाच कामासाठी ठाऊक होता, आणि एक म्हातारा तो भाराभर घेऊन आलेला बघून सगळी लाकडांच्या माळ्यावर जाऊन बसली होती. शेवटी त्यांच्यातली एक मुलगी खाली उतरली. वेणू तिचं नाव, अकराएक वर्षांची, दोन वेण्या आणि कपाळाला कायमची आठी. ती माझ्यासमोर आली आणि उजवा हात पुढे करून, डोळे मिटून उभी राहिली. कोणी काय केलं म्हणून मारणार हे तिने विचारलंसुद्धा नाही. बाकीच्यांच्या वतीने आपण मार खाऊन टाकावा आणि मोकळं व्हावं, असा तो हिशेब. मी भिजवलेली एक पट्टी तिच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, हे टोक धर, मी खालून ओढतो. तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. त्या दिवशी आम्ही दोघांनी खुर्चीचे उभे पदर घातले आणि संध्याकाळपर्यंत माळा रिकामा झाला. घरी येऊन मी जेवलो नाही. का ते तुला सांगायला नको.

तिथे हस्तकला याआधीही शिकवत असत, नाही असं नाही. पुण्याहून एक बाई येत आणि कागदाची फुलं करवून घेत. पण फुलं चिकटवायला जी खळ केलेली असे ती गव्हाच्या पिठाची असे, आणि मुलं फुलं बाजूला ठेवून खळ खात. बाईंनी खळीत कडुनिंबाचा पाला वाटून घातला. मुलांनी गूळ मागितला. बाई पुण्याला परत गेल्या. माझ्या वेताची एक गोष्ट चांगली की तो कोणाला खाता येत नाही. (शिवा नावाच्या पोराने प्रयत्न केला.) हत्यारं नाहीत म्हणून आम्ही सगळा कारभार छत्रीच्या काड्यांवर चालवला. भोकात अडकलेली जुनी वीण काढायला छत्रीची काडी, पदर वर उचलायला छत्रीची काडी, आणि पदर ताणून धरायला बाभळीचे काटे. भावजी इथे ठेवून गेलेल्या दोन्ही छत्र्या कामी आल्या, हे त्यांना सावकाश, खोकला नसताना सांग. पट्ट्या भिजत घालायला घंगाळ घेतलं. ते आंघोळीचं निघालं. पहाटे गुणाबाईंनी अर्धवट झोपेत त्यातच कढत पाणी ओतून शिवाला आत बसवलं, तो बाहेर आला तेव्हा पायापासून गळ्यापर्यंत पट्टीसारखा भिजून मऊ, विणायला तयार होता. पण काय सांगू बाय, ही पोरं शिकली. तिरका पदर उभ्या-आडव्याच्या खालून घ्यायचा की वरून, यात कारखान्यातले चांगले चांगले गडी चुकत. वेणू दोनदा चुकली, आठी आणखी खोल केली, आणि नंतर ती मलाच ओरडू लागली. तिच्या ओरडण्यातही मला तू आठवतेस.

शिवाबद्दल एक सांगून ठेवतो, कारण ते पुढे लागेल. बाकीच्या मुलांना कोणाला आई नाही, कोणाला दोघंही नाहीत. शिवाची गोष्ट निराळी. त्याला एका बाईने एस. टी. स्टँडवर बाकावर बसवलं आणि इथंच बस, आले, असं सांगून ती गेली. ती अजून यायची आहे. त्यामुळे तो अजूनही जेवायला बसताना शेजारी थोडी जागा सोडून बसतो, आणि कोणी त्या जागेत बसत नाही, हे पोरांचं आपसांत ठरलेलं आहे. मी हे बघितलं होतं पण कधी बोललो नव्हतो.

आता मुख्य भानगडीकडे येतो. आपल्या मशिदीतली (सिनेगॉग असं लिहायला हवं, नाहीतर तुमच्याकडची पोस्टाची माणसं गोंधळतील) एलियाहू हन्नबीची खुर्ची तुला आठवत असेल. तिची बैठक उंदरांनी खाल्ली. प्रार्थना चालवणारे आपले हजानसाहेब माझ्याकडे आले, म्हणाले, आळीत एक सून दिवसांत आहे, मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंतेला खुर्ची लागेल, जायच्या आधी एवढं करून दे. मला वाटलं, पोरांचा हात आता बसला आहे, त्यांनाच हा मान द्यावा. खुर्ची आश्रमात नेली. आता ही कोणाची, हे सांगणं आलं. मी सांगितलं की आमच्यात एक संदेष्टा होऊन गेला, तो मेला नाही, जिवंत वर गेला. प्रत्येक बाळाच्या सुंतेला तो येतो अशी आमची श्रद्धा. तो दिसत नाही. पण त्याच्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवायची आणि तिच्यावर दुसऱ्या कोणी बसायचं नाही. बाय, मोठ्या माणसांना हे सांगताना मला नेहमी चार प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. या पोरांनी एकही विचारला नाही. यायचा असलेल्यासाठी जागा ठेवायची आणि तिथे बसायचं नाही, यात त्यांना नवीन काहीच नव्हतं. सगळ्यांनी एकदा शिवाकडे बघितलं आणि माना डोलावल्या. शिवाने तेवढं एक विचारलं, की त्याला वजन असतं का. मी जरा विचार केला आणि म्हटलं, नसावं.

इथे माझी चूक झाली. ज्याला वजन नाही त्याला जाड वेत कशाला, असं त्या कारागिरांनी ठरवलं. पट्टी तासून तासून इतकी बारीक केली की तिच्यातून पलीकडचं वाचता यावं. मग निम्म्या पट्ट्या हळदीत रंगवल्या, निम्म्या पळसाच्या फुलांच्या पाण्यात. मधोमध कमळ काढलं, चार कोपऱ्यांत चार पोपट. (आपल्यात चित्रं काढत नाहीत, हे मी सांगितलं. वेणू म्हणाली, ही चित्रं नाय, ही वीन हाय.) मी रागावायला हवं होतं. जन्मभर मी साहेबांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांसाठी भक्कम बैठका विणल्या. माझ्या हातून अशी सुंदर वस्तू एकदाही झाली नव्हती. मी नुसता बघत बसलो. ती खुर्ची वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली आणि बजावलं, हिच्यावर मांजरसुद्धा बसता कामा नये.

आता तुळशीरामशेट. तुला ते आठवतील, गाडीच्या चाकांचा व्यापार, तळ्याशेजारी ज्यांची चाकं रचलेली असतात ते. आश्रमाची इमारत त्यांनी दिली आणि कमिटीचे अध्यक्षही तेच. माणूस वाईट नाही, पण आकाराने ऐसपैस आणि मताने त्याहून. वेताचा वर्ग बंद करायचा, पोरग्यांना आपल्या चाकांच्या अड्ड्यावर कामाला घ्यायचं, पोरींना चुलीशी बसवायचं आणि वर्गाच्या खोलीत चाकं रचायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी म्हणून गेल्या रविवारी कमिटी जमायची होती. मुलांनी केलेलं सामान मांडायचं, शेटनी बघायचं आणि काय ते सांगायचं. वेणूला हे कळलं होतं. तिने त्या आठवड्यात माझ्याकडे तीनदा विचारलं की खोली गेली तर वेत कुठे ठेवायचा. तिला वेताची काळजी नव्हती, हे तुलाही कळत असेल.

शेटना बसवायला सगळ्यांत चांगली खुर्ची पाहिजे, असं गुणाबाईंनी ठरवलं आणि डोळ्यांत भरली ती घेतली. मी त्या वेळी बाहेर चिंचेखाली टोपल्या मांडत होतो. आत आलो तेव्हा शेट हार घालून घेऊन बसायच्या बेतात होते. मी तोंड उघडेपर्यंत ते बसलेही. पण खुर्ची टिकली, बाय. एवढं वजन घेऊन ती पोरांची वीण क्षणभर टिकली, हे मी कारागीर म्हणून सांगतो. मग स्वागतगीत सुरू झालं, आणि पहिल्या कडव्याला एक बारीक आवाज आला. एक पोपट गेला. दुसऱ्या कडव्याला दुसरा. गीत लांबलचक होतं, गुणाबाईंनी स्वतः निवडलेलं. शेट अब्रूदार माणूस, चेहऱ्यावर काही दिसू देईनात, पण दर कडव्याला ते थोडे खाली जात होते. कमळ गेलं तेव्हा त्यांचे गुडघे हाराला लागले. गाणाऱ्या मुलांना सगळं दिसत होतं. त्यांतल्या कोणीही सूर सोडला नाही, हे मात्र त्यांच्या शिक्षणाला शोभण्यासारखं झालं. गाणं संपलं, शेट भाषणाला उठले, आणि खुर्चीही उठली.

तेवढ्यात शिवाचा आवाज आला. तो कोणाची थट्टा करत नव्हता, त्याने जे बघितलं त्याचा अर्थ सांगितला. तो म्हणाला, ह्ये ते नाय. त्यांना वजन नसतं.

गुणाबाई विळी घेऊन धावल्या. शेट म्हणाले, इळी नको, आणि जमेल तसे पुन्हा बसले. मग गुणाबाईंनी पोरांना आणखी एक गाणं म्हणायला लावलं, शेटच्या मांड्यांवर टेबलावरची चादर टाकली, आणि मी छत्रीची काडी घेऊन त्या चादरीखाली शिरलो. बाय, माझं वय किती, मी कुठे आणि कशाखाली पालथा पडलो आहे, याचा मी त्या वेळी विचार केला नाही. एकेक पदर सोडवायला लागलो. (माझी आरी हाताशी असती तर दोन मिनिटांचं काम. छत्रीच्या काडीने घाम निघाला.) वरून शेटनी हळूच विचारलं की मास्तर, हा पोरगा बोलला तो काय? ही खुर्ची कोनाची हाय? मी खालून खरं ते सांगितलं. शेटचं अंग एकदम ताठ झालं, ते मला खाली जाणवलं. मग विचारलं, हिच्याव बसला तं काय होतं? मी म्हटलं, आजवर आमच्यात कोणी बसलेलंच नाही, त्यामुळे काय होतं ते कोणालाच माहीत नाही. हे अगदी खरं होतं. पण त्याने शेटना घाम फुटला, आणि त्यांनी हात जोडून विचारलं की यावर उपाय काय?

बाय, माणूस माझ्यावर अडकून बसलेला, मी खाली, आणि तो विचारतो उपाय काय. मला काहीही मागता आलं असतं. मी आपल्यात जे करतात तेच सांगितलं. एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा करा, पोहे, गूळ, ओलं खोबरं, केळी, आणि सगळ्या मुलांना पोटभर वाटा. शेट लगेच हो म्हणाले. मग स्वतःहून म्हणाले की ज्यांची खुर्ची मोडली त्यांच्या खोलीत चाकं रचायची माझी छाती नाय. खोली पोरांची. मी आणखी एक पदर सोडवला आणि शेट सुटले. ते उठून उभे राहिले, भाषणात त्यांनी हस्तकलेची फार स्तुती केली, आणि मी चादरीखालून बाहेर आलो तेव्हा गुणाबाई रडत होत्या. मलिदा काल संध्याकाळी, शनिवारचा शब्बाथ सरल्यावर झाला. शिवाने शेजारच्या जागेसमोरही एक द्रोण ठेवला आणि शेटनी स्वतः त्यात वाढलं. हजानसाहेबांनाही मी सगळं सांगितलं. ते आधी रागावले, मग त्यांना हसू आवरेना. खुर्ची वेणूने परत विणायला घेतली आहे, या वेळी जाड वेतात. मी विचारलं, जाड कशाला, तुला ठाऊक आहे ना कोण बसणार? ती म्हणाली, तेनी सोता न येता कोनाला धाडला तं?

पण शेट व्यापारी आहेत. सभेच्या दिवशीच निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, मास्तर, मी शब्द दिला तो तुमच्या देवाच्या मानसाला, म्हंजे तुमाला. तुमी हाय तवर खोली पोरांची. तुमी बोटीत बसलात का माजा शब्द फिटला, मंग तिथं चाकंच रचनार. मी त्यांना ठणकावून सांगितलं की माझे कागद आलेले आहेत, माझ्या थोरल्या बहिणीने माझी खाट मांडलेली आहे, तिला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही आणि मी जाणारच. वेणू तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही, आत निघून गेली.

तर अशी इथली हकीकत. बाकी सर्व ठीक आहे. इथे ऊन वाढायला लागलं आहे, आंब्याला मोहोर बरा आहे. तिकडे नारळ मिळत नाही म्हणून भावजी रुसतात असं लिहिलंस, त्यांना माझ्या वतीने समजाव. आईची गोधडी उन्हात घालत जा.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
सामाजी

ता. क. तुझी ती एक ओळ अशी: माझी ट्रंक परत पाठव. आळीतून तिकडे गेलेल्या मोझेसचा मुलगा इकडे आजोळी येतो आहे असं ऐकलं, त्याच्याबरोबर दे. निदान आरी, लहान सुरी आणि लाकडी खुंट्यांची पिशवी एवढं तरी पाठव. पोरांच्या बोटांत बाभळीचे काटे मोडतात आणि आळीत आता छत्र्या उरलेल्या नाहीत. हे सांगण्यासाठीच मी पत्राला बसलो होतो, पण सुरुवातीलाच लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस.

दुसरा ता. क. तू आता संतापली असशील, म्हणून सकाळचं सांगून टाकतो. सभेच्या दिवशी शेट गेल्यापासून पोरं माझ्यापासून काहीतरी लपवत होती. मला वाटलं एलियाहूच्या खुर्चीचंच काम. आज मी लवकर गेलो तर वर्गात कचेरीच्या सामानातली दुसरी एक खुर्ची होती, एका पायाला लाकडाचं ठिगळ मारलेली. जाड वेत, साधी वीण, कमळ नाही, पोपट नाही. तिरके पदर एकूण एक बरोबर. मी विचारलं, ही कोणाची? शिवा म्हणाला, तुमची. मी बसायला गेलो तर वेणू आडवी आली. म्हणाली, आता नाय बसाचं. तुमी गेल्याव ही इथंच ठेवनार हाय. हिच्याव कोनी बसनार नाय. तुमी याल तवा बसा. मग शिवाने मला समजावलं की त्यांना हे जमतं, त्यांनी याआधी केलेलं आहे.

बाय, तुझ्या त्या खाटेखेरीज माझ्यासाठी आजवर कोणी जागा रिकामी ठेवलेली नाही. तुझी भावजय अबीगेल देवाघरी गेली तेव्हा तिची जागा माझ्याकडे राहिली, ती मी ठेवतो आहे. पण माझी जागा एका पोराने शेजारी घेऊन जेवायला बसावं, हे मला सोसणार नाही. मी वेणूला बाजूला केलं आणि बसलो. ती किंचाळली, आठी होती तेवढी सगळी कपाळावर आणली, आणि मी उठत नाही हे बघून खाली बसून ढसाढसा रडली. मग माझ्या पायाशी वेताची पट्टी घेऊन तासू लागली. हे पत्र मी त्याच खुर्चीत बसून लिहितो आहे. बैठक जराही खचलेली नाही.

शेवटचा ता. क. माझी ती खाट मात्र मोडू नकोस. आपल्यात रीत आहे, असू दे. कोणी टेकलं तर रागावू नकोस, भावजींनाही दुपारी आडवं होऊ दे. फक्त सुंभ जाड घाल, कोण येऊन बसेल सांगता येत नाही.